बागेतली दहा मिनिटं

अमृतसरला जाऊन सुवर्णमंदिर, कुलचे आणि वाघा बॉर्डर ‘करून’ परतणारे खूप. पण जालियनवाला बागेसाठी एक अख्खी सकाळ ठेवाच.

आधी जरा धक्काच बसतो. बाग एकदम टकाटक! हिरवळ, २०२१च्या नूतनीकरणानंतर अरुंद बोळाच्या भिंतींवर आलेली शिल्पं आणि सेल्फीवाल्यांची झुंबड. १३ एप्रिल १९१९ला, वैशाखीच्या दिवशी, याच बोळातून जनरल डायरचे सैनिक आत आले. इशारा नाही, काही नाही. सुमारे दहा मिनिटं गोळीबार, १६५० फैरी. मृतांचा सरकारी आकडा ३७९. काँग्रेसच्या चौकशीत तो हजाराच्या घरात.

दहा मिनिटं म्हणजे नेमकी किती? मोबाइलवर टायमर लावून मी आणि आई गोळ्यांच्या खुणांसमोर उभ्या राहिलो. तिसऱ्याच मिनिटाला आई म्हणाली, ‘‘बंद कर वं ते.’’

मग ती चिमूरबद्दल बोलली. आम्ही मूलचे. १९४२चं चिमूर आम्हाला तोंडपाठ. १६ ऑगस्ट, नागपंचमी, गोळीबार, शहीद बालाजी रायपूरकर. नंतर फौज गावात शिरली, बायकांवर अत्याचार झाले, चौकशीसाठी भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं... आमच्या घरी मात्र गोष्ट गोळीबारापाशीच थांबायची.

‘‘आबाजी पुढचं कधी सांगत नसत. आजीनं मला चुलीपाशी सांगितलं,’’ आई म्हणाली.

भिंतीवरच्या खुणांना चौकट करता येते. चुलीपाशी सांगितलेलं जपायचं, तर ते पुढच्या मुलीला सांगावं लागतं. आईनं सांगितलं. आता मी तुम्हाला सांगतेय.