पडद्यावरील न्यूरेंबर्ग

जर्मनीस जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा बर्लिन पाहतो, म्युनिक पाहतो आणि ऱ्हाईनच्या काठची दोनचार गावे पाहून परततो. म्युनिकहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर असलेले न्यूरेंबर्ग त्याच्या हातून राहून जाते. वास्तविक हे गाव फार जुने. भक्कम तटबंदी, उंचावरचा किल्ला, ड्यूरर या थोर चित्रकाराचे घर, खेळणी करणारांची परंपरा आणि नाताळातील मसाल्याची गोड बिस्किटे यांसाठी ते शतकानुशतके प्रसिद्ध आहे. येथील बोटाएवढ्या सॉसेजेसचाही मोठा लौकिक आहे. परंतु त्यावर मत देण्याचा अधिकार आम्हां शाकाहारी मंडळींस नाही.

आम्ही तेथे गेलो ते मात्र ह्या गोष्टींसाठी नव्हे. चित्रपटाच्या इतिहासात ह्या गावाने दोनदा, आणि अगदी उलट कारणांनी, स्थान मिळविले आहे. ती दोन्ही स्थळे पाहावी एवढाच हेतू होता.

गावाच्या आग्नेयेस दुत्सेंडटाईख नावाचा एक तलाव आहे. ट्राम थेट तेथवर जाते. तलावाच्या काठी घोड्याच्या नालाच्या आकाराची एक अवाढव्य इमारत अर्धवट उभी आहे. रोममधील कलोसियमचा आदर्श पुढे ठेवून हिच्या बांधकामास १९३५ साली आरंभ झाला. पन्नास हजार माणसे मावतील असे सभागृह व्हावयाचे होते. युद्धामुळे छप्पर कधीच पडले नाही. बाहेरून ग्रॅनाइटचा डौल, आणि आतल्या चौकात शिरावे तो नुसत्या विटा! ह्याच इमारतीच्या एका टोकात काच आणि पोलाद यांचा एक लांब बोगदा तिरका भाल्यासारखा घुसविला आहे. डोमेनिग नावाच्या ऑस्ट्रियन स्थापत्यकाराची ही कल्पना. २००१ साली तेथे नाझी काळाचे माहितीकेंद्र उघडले.

जवळच लुइटपोल्डहाईन नावाचे उद्यान आहे. आम्ही गेलो त्या दिवशी हिरवळीवर मुले चेंडू खेळत होती. १९३४ च्या सप्टेंबरात ह्याच जागी लाखभर गणवेशधारी माणसे ओळीने उभी होती, आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या वाटेने हिटलर दोन सहकाऱ्यांसह स्मारकाकडे चालत गेला. लेनी रीफेनश्टाल ह्या बाईने ते दृश्य उंचावरून टिपता यावे म्हणून निशाणाच्या एका प्रचंड खांबाला विजेचा पाळणा बसविला होता. तिच्या हाताखाली सुमारे १७० माणसे होती. त्यातून निर्माण झालेला ‘इच्छाशक्तीचा विजय’ हा चित्रपट मार्च १९३५ मध्ये बर्लिनला प्रथम दाखविला गेला. पडद्यावर ती वाट संपता संपत नाही. आम्ही पायी चाललो तो काही मिनिटांत पलीकडे पोहोचलो. लहान जागा अफाट कशी दिसते आणि एक माणूस पर्वतप्राय कसा दिसतो, हे त्या पाळण्याचे गुपित होय.

चित्रपटात काय दाखविले आहे ह्यापेक्षा काय दाखविलेले नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक. आदल्या वर्षीच्या मेळाव्याचाही ह्याच बाईने एक चित्रपट केला होता. त्यात हिटलरच्या बरोबरीने र्‍योम हा तपकिरी सदरेवाल्या दलाचा प्रमुख ठायी ठायी दिसे. जून १९३४ च्या अखेरीस हिटलरने त्याला पकडविले व ठार मारविले. लगोलग तो जुना चित्रपट मागे घेऊन त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या. कित्येक वर्षांनी एक प्रत इंग्लंडात सापडली. म्हणजे नवा चित्रपट हा एका अर्थी जुन्या चित्रपटावर फिरविलेला बोळा होता. दलात फूट पडलेली नाही असे हिटलर स्वतः त्यात सांगतो, आणि शिस्तबद्ध रांगा त्याची साक्ष देतात. खुनाचा मागमूस नाही.

आरंभीचे दृश्य पुष्कळांनी वाखाणले आहे. ढगांच्या राशींतून विमान उतरते, खाली जुन्या न्यूरेंबर्गचे मनोरे दिसू लागतात, जणू अवतारच होत आहे. त्याच आकाशातून २ जानेवारी १९४५ च्या रात्री इंग्रजांची बाँबफेकी विमाने आली आणि ते जुने गाव जवळजवळ सारे जमीनदोस्त झाले. आज प्रवासी जे पाहतो ते बहुतांशी पुन्हा उभारलेले आहे.

येथे आपल्या घरची एक गोष्ट आठवते. ‘सैरंध्री’ला रंग चढविण्यासाठी शांताराम १९३३ साली जर्मनीतच गेले होते. पुढे १९३५ मध्ये, म्हणजे बर्लिनला हा चित्रपट झळकला त्याच वर्षी, प्रभातने एकनाथांच्या चरित्रावर बालगंधर्वांना घेऊन बोलपट काढला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’. गांधींचे स्मरण होईल म्हणून सरकारी परिनिरीक्षकांनी हरकत घेतली, आणि ते ‘धर्मात्मा’ करावे लागले. एका देशात सरकार चित्रपटासाठी मैदाने उपलब्ध करून देते, दुसऱ्या देशात सरकार एका शब्दाला भिते! पडद्याचे सामर्थ्य दोघांनीही सारखेच ओळखले होते म्हणावयाचे.

नाझींच्या काळात सुमारे अकराशे कथापट निघाले. त्यांतील बहुतेक प्रेमकथा, विनोद आणि गाणी यांनीच भरलेले होते. हे वाचून आश्चर्य वाटेल, परंतु गोबेल्स चतुर होता. प्रचार ऐकावयास कोणी तिकीट काढीत नाही हे त्यास ठाऊक होते. १९३६ साली त्याने कलाविषयक टीकालेखनच बंद केले, म्हणजे बरेवाईट सांगणारा मध्ये कोणी उरू नये. १९४० मधील ‘यूद स्यूस’ हा पोशाखी शोककथेच्या रूपाने आला. दोन कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला, आणि हिमलरने तो आपल्या पोलिसांस मुद्दाम दाखविविला. यहुदी शेजाऱ्याविषयीचा द्वेष ह्या मार्गाने दिवाणखान्यात शिरला. आमच्या मते रांगांच्या चित्रपटापेक्षा हा अधिक घातक.

तलावापलीकडे त्सेपेलिन मैदान आहे. सुमारे ३६० मीटर लांबीच्या दगडी पायऱ्या, मधोमध भाषणाची जागा. वरचे प्रचंड स्वस्तिक अमेरिकन सैन्याने एप्रिल १९४५ मध्ये सुरुंगाने उडविले. ते उडतानाचे चित्रीकरणही जगभर दाखविले गेले. १९६७ मध्ये वरचे खांब पाडले. आज पायऱ्यांतून गवत उगवते, आणि मागच्या भिंतीवर कोणी टेनिसचा चेंडू मारीत असतो. हे अवशेष राखावे की पडू द्यावे यावर गावात पुष्कळ वाद झाला. अखेर २०१९ मध्ये सुमारे साडेआठ कोटी युरो खर्चून ते आहेत त्या स्थितीत टिकवावे, पूर्वीसारखे सजवू नयेत, असे ठरले. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. दगड नाहीसे झाले असते तर रीफेनश्टालबाईंचा पडदाच एकटा शिल्लक राहिला असता, आणि पडद्यावर पायऱ्या अजूनही कोऱ्या करकरीत आहेत.

दुसरे स्थळ गावाच्या पश्चिमेस, न्यायमंदिरातील ६०० क्रमांकाची खोली. नोव्हेंबर १९४५ मध्ये येथे नाझी पुढाऱ्यांवरील खटला सुरू झाला. खोलीची रचना मुद्दाम बदलली होती: न्यायाधीशांना खिडक्यांच्या बाजूस बसविले आणि त्यांच्या नेहमीच्या जागी चित्रपटाचा पडदा लावला. आरोपींच्या कठड्याला बारीक दिवे बसविले होते, की खोलीत अंधार झाला तरी त्यांचे चेहरे दिसावे. २९ नोव्हेंबरला छळछावण्यांचे तासाभराचे चित्रीकरण दाखविले गेले. सभागृह स्तब्ध झाले. ११ डिसेंबरला फिर्यादी पक्षाने नाझींच्याच फितींतून जोडलेला कित्येक तासांचा चित्रपट दाखविला. त्यात रीफेनश्टालबाईंचाही भाग होता. आपले जुने वैभव पाहून काही आरोपी उलट खुलले! तीच फीत, पण आता ती पुरावा म्हणून दाखल झाली होती.

बाईंवर पुढे चौकशा झाल्या, आणि ‘अनुयायी’ एवढाच ठपका राहिला. ‘टीफलँड’ ह्या चित्रपटासाठी त्यांनी छावणीतील रोमा व सिंटी कैदी आणविले होते. त्यांपैकी अनेकांचा पुढे आउश्वित्समध्ये अंत झाला. बाई २००३ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी वारल्या.

ह्या खटल्यावर अमेरिकन सरकारनेच एक चित्रपट करविला. १९४८ मध्ये तो जर्मनीत दाखविला गेला. परंतु तोवर वारे फिरले होते. कालचा शत्रू रशियाविरुद्ध उद्याचा मित्र व्हावयाचा होता, आणि अमेरिकेतील चित्रगृहांत तो लागलाच नाही. त्या देशातील लोकांना तो रीतसर पाहावयास मिळाला २०१० साली. त्याच वर्षी ६०० क्रमांकाच्या खोलीच्या वरच्या मजल्यावर खटल्याचे कायम प्रदर्शन उघडले. खाली मात्र २०२० पर्यंत नेहमीचे फौजदारी खटले चालत असत.