अरिष्टाची बरणी

मद्याचें नांव काढतांच आपल्या घरांतील वडील मंडळी कानांवर हात ठेवतात. परंतु त्याच घराच्या फडताळांत द्राक्षारिष्टाची बाटली निःशंकपणें उभी असते. या दोहोंचें नातें काय, याचा विचार सुज्ञ वाचकांनीं एकदां करावा, असें आम्हांस वाटतें.

शार्ङ्गधराच्या मतें कच्चीं औषधें पाण्यांत घालून होतें तें आसव, आणि काढ्यापासून होतें तें अरिष्ट. जेथें प्रमाण सांगितलेलें नाहीं तेथें एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि दशमांश प्रक्षेप, असा त्याचा नियम आहे. आजच्या मापानें द्रोण १२.२८८ लीटर व तुळा ४.८ किलो, म्हणजे लीटरमागें गूळच सुमारें ३९० ग्रॅम. इतकें दाट गोड पाणी आंबविणें सोपें नव्हे. साखर फार झाली कीं किण्वाचे सूक्ष्म जीव मंदावतात, व सगळी साखर त्यांस संपवितां येत नाहीं. म्हणूनच अरिष्ट गोड लागतें.

रेवदंड्याच्या आमच्या घरीं १९७० च्या सुमारास आजोबा हें काम स्वयंपाकघरांतल्या वस्तूंवर भागवीत. कल्हईचें पातेलें, जुना पंचा, लांकडी डाव आणि चिनीमातीची बरणी, एवढीच सामग्री. मनुकांचा काढा चतुर्थांश उरवून गाळावयाचा, निवल्यावर त्यांत गूळ विरघळवावयाचा आणि धायटीचीं फुलें टाकावयाचीं. किण्व त्या फुलांबरोबरच येतें. फेंस वर चढतो म्हणून बरणी पाऊणच भरावयाची. तोंडास फडकें बांधून ती महिनाभर भाताच्या कणगींत ठेवीत. तेथें ऊब एकसारखी राही. मग पेटती काडी बरणीच्या तोंडाशीं नेत. काडी विझली तर आंत कर्बाम्लवायु अजून सुटत आहे. पेटती राहिली तर अरिष्ट सिद्ध झालें.

मनूनें निषिद्ध मानलेल्या तीन सुरांत गौडी, म्हणजे गुळाची, पहिलीच आहे. मग भेद कोठें? आंबण्याच्या क्रियेंत तो नाहीं. तो आहे औषधांत, मात्रेंत, आणि मात्रा मोजणाऱ्या हातांत. जेवणानंतर दोन चमचे, तितकेंच पाणी घालून, तेंही आजीच्या हातूनच, अशी आमच्याकडे शिस्त होती.

पुढें आमच्या एका काकांस दारूचें व्यसन जडलें, आणि बरणींतील अरिष्ट रात्रींतून कमी होऊं लागलें. आजोबा म्हणाले, "फडताळास कुलूप घालूं." आजी म्हणाली, "कुलपानें तो अधिकच चिडेल. औषध काय, बाजारांतही मिळेल." दुसऱ्या दिवशीं तिनें बरणी उकळत्या पाण्यानें धुतली व तींत कोकमाचें आगळ भरून ठेवलें. काकांचें व्यसन त्यानें सुटलें नाहीं; पण घरच्या बरणीनें तें वाढविलें नाहीं, इतकें समाधान तिला शेवटपर्यंत होतें.

हल्लीं आमच्या नातवंडांस घरींच कडक बीअर करून पाहण्याची हौस वाटते. विनापरवाना तसें करणें १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हें आम्ही त्यांस सांगतोंच. आंबण्याचें शास्त्र मात्र लपवीत नाहीं. तें जाणण्यांत पाप नाहीं. फक्त शास्त्र सांगून झाल्यावर काकांची हकीकतही सांगतों, आणि मग मुलें बराच वेळ कांहीं विचारीत नाहींत.