भिंतीवरून चालणारी वीज

पूर्वी घरातली वीज डोळ्यांना दिसायची. मीटरच्या लाकडी फळीवरून निघालेली सागवानी पट्टी भिंतीवर सरळ चढायची, तुळईपाशी वळायची आणि पंख्याच्या हुकाजवळच्या गोल ठोकळ्याशी थांबायची. तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत आवळलेल्या वायरी. कुठला खटका कुणाचा, हे शाळकरी पोरगंही बोटानं दाखवायचं. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग, एवढं सगळ्यांना पाठ.

पंखा म्हणजे बिडाचं धूड. वायरमन घोड्यावर, खालून दुसरा कुणीतरी ते पेलून धरलेला. हुकात बोल्ट, बोल्टात पिन, मग पिनेचे पाय फाकवायचे. ‘पिन घातलीस ना?’ हे घरातली म्हातारी माणसं पुनःपुन्हा विचारत, आणि त्यांचं बरोबरच होतं. रेग्युलेटर विटेएवढा. त्यातल्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उष्णता होऊन जायची. पंखा एकवर ठेवला की वारा कमी आणि डबा गरम. बिल वाचतं म्हणून पंखा हळू ठेवणाऱ्यांची ही फसगतच होती.

दिवा मात्र भिंतीवर वेगळा. पंख्याच्या पोटाला दिवा ही आत्ताची हौस, आणि खरी गोम तिथेच आहे. सगळं वायरिंग भिंतीच्या पोटात गेलेलं. हुकापाशी बहुधा बटणावरून आलेली एक फेज आणि न्यूट्रल. दिवा नि पंखा वेगवेगळे चालवायचे तर आणखी एक फेज हवी, आणि ती स्लॅबमधल्या जुन्या पाइपातून ओढणं म्हणजे वायरमनची परीक्षा. म्हणून रिमोट आला. वरच्या वाटीत रिसीव्हर बसतो, एकाच फेजेची वाटणी तिथल्या तिथे करतो. भिंतीवरचा रेग्युलेटर तेवढा आधी काढायचा. फेज थेट वर गेली पाहिजे.

नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस वॅटांत भागवतो, जुना पंचाहत्तरच्या आसपास खायचा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं झालं, तेही उत्तमच. पण जुना पंखा मंदावला की कोपऱ्यावरून अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणून बदलायचा, विषय संपला. आता कार्ड जळालं की सर्व्हिस सेंटरची वाट.

‘आणि रिमोट हरवला तर?’

‘बटण बंद-चालू करत राहा काका, स्पीड बदलेल.’

‘आणि दिवा?’

‘रिमोट हरवू नका.’