पोतं

परवा माळा आवरताना कोपऱ्यात एक पोतं सापडलं. आत दोन झिजलेले नॉबी टायर, एक मोठं चेन स्प्रॉकेट आणि एक वाकडं हँडल. बायको म्हणाली, "भंगारात घालू?" मी म्हटलं, "थांब जरा." आणि तिथेच बसून राहिलो.

गोष्ट २०१३ची. घरात एकच गाडी होती, इम्पल्स. २०११ साली ही दीडशे सीसीची ट्रेल बाईक बाजारात आली आणि मी हट्टाने तीच घ्यायला लावली. निम्मे पैसे बाबांचे. माझ्या डोक्यात मात्र तेव्हापासूनच डर्ट ट्रॅक होता. आमच्या भागात माळरानावर मातीचे उंचवटे करून शर्यत व्हायची, आणि त्यात फोर-स्ट्रोक गाड्यांचा वेगळा गट असायचा.

वेगळा गट का, तर टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एकदा स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. तेवढ्याच सीसीत ताकद कमी, वर व्हॉल्व्ह, कॅम यांचं वजन. त्यामुळे मोटोक्रॉसमध्ये कितीतरी वर्षं टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. तरी वेडे लोक असतातच! स्वीडनमध्ये टॉर्स्टन हॉलमन आणि स्टेन लुंडिन या दोन माजी विश्वविजेत्यांनी यामाहाच्या एक्सटी ५०० या ट्रेल गाडीचं इंजिन घेतलं आणि हलक्या फ्रेममध्ये बसवलं. १९७७ मध्ये बेंग्ट ओबेर्गने ती गाडी जागतिक स्पर्धेत उतरवली, लक्झेंबर्गला एक मोटो जिंकला आणि वर्षअखेर नववा आला. पुढे १९९८ मध्ये यामाहाने वायझेड ४०० एफ विकायला काढली, आणि त्याच वर्षी डग हेन्रीने तिच्यावर अमेरिकेचं २५० गटाचं विजेतेपद मिळवलं. तेव्हा कुठे वारं फिरलं.

हे सगळं वाचून मी गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. म्हटलं, बोअर मोठा करायचा. काका हसले. "ताकद नंतर. आधी काय काय काढता येतं ते बघ."

मग काढायला लागलो. आरसे, हेडलाईट, इंडिकेटर, हॉर्न, साइड स्टँड, नंबरप्लेट, मागची पायदानं आणि साडीगार्ड. सगळं एका पोत्यात. मागे तीन-चार दात जास्त असलेलं स्प्रॉकेट घातलं, म्हणजे टॉप स्पीड गेला पण वळणातून गाडी झटक्यात उठायला लागली. फोमचा फिल्टर तेल लावून बसवला. पुढच्या शॉकअपमध्ये जाड तेल भरलं. ट्रेल गाडीचे शॉकअप खड्ड्यांसाठी मऊ असतात. चार फुटांवरून खाली आल्यावर ते टेकतात आणि मनगटात कळ जाते.

शर्यतीला आठवडा होता. संध्याकाळी घरी आलो तर आई-बाबा नव्हते. आईचा गुडघा महिनाभर दुखत होता, जिल्ह्याच्या गावी डॉक्टरांची वेळ घेतली होती. दोघं रात्री नऊला आले. एसटीने. स्टँडपासून आई चालत आली होती. मी विचारलं, "मला का नाही सांगितलं?" बाबा चपला काढत म्हणाले, "सांगून काय करणार होतो? गाडी आहे, पण हिने पाय कुठे ठेवायचे?"

रागावले नव्हते हो. रागावले असते तर बरं झालं असतं.

शर्यत मी केली. खोटं कशाला सांगू, सोडवली नाही. दुसऱ्या फेरीत उंचवट्यावरून उतरताना पुढचं चाक घसरलं, हँडल वाकलं. गरम इंजिन चालू व्हायला बराच वेळ खाल्ला. अकरा जणांत सातवा आलो. मातीने भरलेल्या तोंडाने हसत होतो, इतका आनंद पुन्हा फार थोड्या वेळा झाला. पण त्या आनंदाच्या मागच्या सीटवर कुणी बसू शकत नव्हतं, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी पोतं उघडलं. काढलेल्या वस्तू उलट्या क्रमाने बसवल्या. साडीगार्डचा एक बोल्ट हरवला होता, तो काकांनी दिला, पैसे घेतले नाहीत. आणि रिकाम्या पोत्यात शर्यतीचं सामान गेलं.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. शॉकअपमधलं जाड तेल. बाबा पुढे कितीतरी दिवस म्हणायचे, "गाडी कडक का लागते रे? खड्डा सरळ हातात येतो." मी म्हणायचो, "नवीन तेल आहे बाबा, होईल मऊ."

टायर भंगारात दिले. स्प्रॉकेट ठेवलंय.