अस्त्राचा उपसंहार

‘उपसंहार’ हा शब्द मी प्रथम पुस्तकात वाचला नाही. तो कानांवर पडला. पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावच्या देवळापुढे, मार्गशीर्षातल्या थंडीत, आजोबांच्या घोंगडीत गुरफटून मी दशावतारी काला पाहत बसलो होतो. साल १९६४. गोवा मुक्त होऊन तीन वर्षे पुरी होत आली होती. गणपती, सरस्वती, काळ्या मुखवट्याचा संकासूर असा नित्याचा आडदशावतार आटोपून मध्यरात्रीनंतर आख्यान लागले. मंडळी वेंगुर्ल्याकडून आलेली. सामान म्हणाल तर एक लाकडी बाक, पायपेटी, मृदंग, झांज आणि दोन गॅसबत्त्या. तो बाक हेच सिंहासन, तोच रथ, आणि त्या रात्री गंगेचा तीरही तोच. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान तेवढे ठरते आणि भाषणे नट आयत्या वेळी रचतात. त्या रात्रीचे आख्यान सौप्तिक पर्वातले होते.

झोपेत असलेल्या द्रौपदीच्या पुत्रांना मारून अश्वत्थामा गंगातीरी व्यासांजवळ जाऊन बसला आहे. भीम पाठीवर आलेला पाहून तो गवताची एक काडी उचलतो आणि तिच्यावर ब्रह्मशिर अस्त्राचा मंत्र घालतो: पांडवांचा निर्वंश होवो! अर्जुन त्याच अस्त्राने उत्तर देतो. दोन ज्वाळांच्या मधोमध नारद आणि व्यास येऊन उभे राहतात आणि दोघांनाही बजावतात, अस्त्राचा उपसंहार करा. अर्जुन आपले अस्त्र परत घेतो. अश्वत्थाम्याला ते साधत नाही. व्यासांचे सोंग घेतलेला नट वयस्क होता. पांढरी दाढी कानांना दोऱ्याने बांधलेली. तो पुढे आला आणि म्हणाला, ज्या देशात हे अस्त्र दुसऱ्या अस्त्राने अडवले जाते त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही. तोपर्यंत विड्या ओढीत आपसात कुजबुजणारे पुढच्या रांगेतले कुळवाडी एकाएकी गप्प झाले. निर्वंश वगैरे राजांच्या गोष्टी. पाऊस ही त्यांची गोष्ट होती. नटाने हे पदरचे घातले असावे असे मला पुष्कळ वर्षे वाटे. पुढे मूळ पर्व पाहिले, तर ते वचन व्यासांच्या तोंडीच आहे.

मी आजोबांना विचारले, “आजो, ताका परतें घेवंक कित्याक येना?”

“सोडपाक शिकलो, घेवपाक शिकलो ना,” आजोबा म्हणाले. “बापायन अर्देंच शिकयलें.”

मुलासाठी त्यांनी गोष्ट थोडी सोपी केली होती. मूळ कथेत दोष शिकवण्याचा नाही, शिकणाऱ्याच्या मनाचा आहे. ज्याचे मन संयमित नाही त्याने सोडलेले हे अस्त्र परत येत नाही. पण बापाचा उल्लेख करण्यात आजोबा चुकले नव्हते. द्रोणांनी ते अस्त्र प्रथम अर्जुनाला दिले. ते पाहून मुलाला मत्सर वाटला आणि त्याने हट्ट धरला. द्रोणांनी नाखुशीने दिले, आणि देताना बजावले की कितीही संकट आले तरी हे माणसांवर सोडायचे नाही. तेवढ्याने अश्वत्थाम्याचे समाधान झाले नाही. तो द्वारकेला गेला आणि श्रीकृष्णाला म्हणाला, माझे ब्रह्मशिर घ्या आणि तुमचे चक्र मला द्या. कृष्ण म्हणाले, मोबदला नको. उचलवत असेल तर घेऊन जा. डाव्या हाताने उचलेना, उजव्यानेही उचलेना. मग कृष्णांनी विचारले की चक्र घेऊन तू लढणार होतास तरी कोणाशी? उत्तर आले: तुमच्याशीच. एका घरात, बाप-लेकाच्या आणि गुरु-शिष्यांच्या स्नेहात, महासंहारक अस्त्राचे राजकारण कसे सुरू होते याचे याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही. शेजाऱ्याजवळ आहे म्हणून हवे, आणि मिळाल्यावर त्याहून मोठे हवे.

त्या वर्षी हे आख्यान निवडण्याला काही कारण होते की काय, हे आज कोण सांगणार! एवढे खरे की १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने आपला पहिला अणुस्फोट केला होता. १९६२ चा पराभव ताजा होता, नेहरूंना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि देशभर एकच प्रश्न उठला होता: आपणही करायचा काय? आठ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, डॉ. होमी भाभा आकाशवाणीवरून बोलले. निःशस्त्रीकरणाचा आग्रह त्या भाषणात होता. पण लोकांच्या लक्षात राहिले ते आकडे. पन्नास अणुबाँबचा साठा दहा कोटी रुपयांच्या आत होईल आणि पन्नास हायड्रोजन बाँबचा सुमारे पंधरा कोटींत, असा त्यांचा हिशेब होता. प्रलय इतका स्वस्त मिळतो हे ऐकल्यावर बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे मन चळले तर नवल नाही. नोव्हेंबरात गुंटूर येथे काँग्रेसच्या महासमितीत या विषयावर खडाजंगी झाली. लालबहादूर शास्त्रींनी बाँबला नकार दिला. पण महिनाअखेर लोकसभेत त्यांनी बोगदे खणण्यासारख्या शांततेच्या कामांसाठी स्फोटाच्या संशोधनाला वाट मोकळी ठेवली. दार लोटले होते, कडी घातली नव्हती.

त्या वादात एक माणूस फार आधीपासून उभा होता आणि तो गोव्याचा होता, हे मला कळायला मध्ये बरीच वर्षे जावी लागली. दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव आपल्याकडे इतिहासकार म्हणून घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांचा मूळ व्यवसाय गणिताचा. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्म, हार्वर्डला शिक्षण, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन, आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली तेव्हा भाभांच्या बोलावण्यावरून ते तेथे गेले. पुण्यात राहून ते दख्खनच्या राणीने रोज मुंबईला जात. जगात शीतयुद्ध पेटले तसे ते विश्वशांतता चळवळीत शिरले. त्या चळवळीचा कल सोव्हिएत बाजूला होता हे लपवण्यात अर्थ नाही, आणि कोसंबींच्या टीकाकारांनी ते लपवलेही नाही. पण अणुशक्तीविषयी त्यांचा जो मुद्दा होता तो कोणत्याही गोटातून उसना आणलेला नव्हता. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबापुढे केलेल्या भाषणात त्यांनी तो मांडला. अणुभट्टीचा खर्च नीट मोजा, तिच्या किरणोत्सारी राखेचे काय करणार ते सांगा, आणि मग आपल्या डोक्यावर वर्षातले बहुतेक महिने फुकट तळपणाऱ्या सूर्याकडे पाहा. सूर्याची शक्ती गावोगाव आपण होऊन पोचते, तिला वाहून न्यावे लागत नाही. मी त्यात माझ्याकडून एवढेच जोडतो की तिचा बाँब होत नाही.

अणुशक्ती खात्याच्या सर्वेसर्वा असलेल्या पुरुषाच्या संस्थेत बसून हे बोलणे सोपे नव्हते. १९६२ मध्ये त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली ती पुन्हा वाढवली गेली नाही. याला हे एकच कारण होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. रीमानच्या गृहीतकाविषयीचा त्यांचा दावा गणितज्ञांनी मानला नव्हता, त्यांची जीभ तिखट होती, आणि त्यांचे चित्त एव्हाना गणितापेक्षा पुण्याभोवतालच्या टेकड्यांवरच्या दगडी हत्यारांत अधिक रमत होते. पण अणुशक्तीच्या धोरणाला विरोध हे त्या कारणांपैकी एक होतेच. विधिघटना अशी की जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री गेले, त्याच महिन्यात माँ ब्लांवरच्या विमान अपघातात भाभा गेले, आणि २९ जूनला पुण्यात कोसंबी झोपेतच वारले. सहा महिन्यांत तिन्ही पात्रे रंगभूमीवरून उतरली. आख्यान मात्र चालू राहिले.

सभेत नाही म्हणणाऱ्याला सभा सोडावी लागते, हे कोसंबींच्या घराण्यात नवे नव्हते. वडील धर्मानंद हे साखवाळचे. बुद्धाच्या शोधात त्यांनी गोवा सोडला, तो सिंहलद्वीपापर्यंत गेले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही सर्वांना पाठ असलेली कथा धर्मानंदांना पटली नाही. ‘सुत्तनिपाता’तल्या अत्तदंडसुत्ताकडे त्यांनी बोट दाखवले: शस्त्र हाती घेतल्यानेच भय उत्पन्न झाले, असे बुद्ध तेथे आपल्या वैराग्याचे कारण देतात. ‘बोधिसत्त्व’ या नाटकात त्यांनी तो प्रसंगच उभा केला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचे भांडण लागते, शाक्यांचा संघ युद्धाचा निर्णय करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि अखेर त्याला घर सोडावे लागते. बापाने बुद्धाचे जे चरित्र लिहिले ते मुलाच्या वाट्याला, लहान प्रमाणात का होईना, आले.

आणि हा रिवाज केवळ आपल्या देशातलाच आहे असेही नाही. अमेरिकेत ऑक्टोबर १९४९ मध्ये ओपेनहायमर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हायड्रोजन बाँब करू नये असा सल्ला दिला. तीन महिन्यांनी, ३१ जानेवारी १९५० रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांनी काम पुढे नेण्याची आज्ञा केली. आणि १९५४ मध्ये ओपेनहायमर यांना सरकारी गुपितांजवळ फिरकण्यास मनाई झाली. तो निर्णय सदोष होता असे सांगून अमेरिकन सरकारने तो रद्द केला २०२२ मध्ये. ओपेनहायमर १९६७ मध्येच वारले होते.

इतके लिहून मी थांबलो असतो तर लेख गुळगुळीत झाला असता. पण मी पेडण्याचा आहे. आमच्याच तालुक्याच्या सीमेवर, पत्रादेवीला, १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज गोळ्यांपुढे चालत गेले. पंजाबातून आलेला कर्नेलसिंग तेथेच पडला. त्या दिवशी छातीवर गोळ्या घेणाऱ्यांनी आम्हांला मुक्त केले नाही. सहा वर्षांनी, १९६१ च्या डिसेंबरात, सैन्य आले तेव्हा आम्ही मुक्त झालो. तेव्हा शस्त्रमात्र पाप आहे असे म्हणण्याचा अधिकार, निदान मला, नाही. आजोबांनाही तसे वाटत नसे. अर्जुनाने धनुष्य उचलू नये असे ते कधी म्हणाले नाहीत. सैन्य आले आणि काम झाल्यावर बराकीत गेले, याचेच त्यांना कौतुक होते. कोसंबींचे म्हणणे मला पटते ते याच मर्यादेत. तोफ थांबवता येते. ज्या अस्त्राला गर्भातले मूलही वर्ज्य नाही ते थांबवता येत नाही. अश्वत्थाम्याचे अस्त्र शेवटी पडले ते उत्तरेच्या उदरावर.

माझी स्वतःची गोष्टही झाकून ठेवू नये. १८ मे १९७४ रोजी पोखरणला पहिला स्फोट झाला. शास्त्रींनी लोटून ठेवलेल्या दारातूनच तो आला, म्हणून त्याला ‘शांततामय’ म्हटले गेले, आणि नाव जोडले गेले ते हसऱ्या बुद्धाचे. धर्मानंद तोवर जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. पुढे ११ मे १९९८ रोजी, बुद्धपौर्णिमेच्याच दिवशी, पुन्हा स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी मी माझ्या आजोळी, डिचोलीला होतो. बाजारात एका ओळखीच्या दुकानदाराने पेढ्यांची पेटी पुढे केली. त्याचा चेहरा इतका आनंदलेला होता की मी पेढा घेतला, आणि खाल्लाही. चांगला होता. रस्त्यावरून खनिजाचे ट्रक लाल धूळ उडवीत नदीकडे चालले होते. डिचोलीच्या डोंगरांतले ते लोखंडी खनिज मांडवीतून पडावांनी मुरगाव बंदराला जाई आणि तेथून मुख्यतः जपानला. १९५० नंतरच्या दशकापासून तसेच चालत आले होते. हिरोशिमा-नागासाकीच्या राखेवर जो देश उभा राहिला त्याच्या पोलादात आमच्या आजोळच्या टेकड्या मिसळल्या आहेत, हे मला ठाऊक होते. पेढा घशाखाली उतरल्यावर ते आठवले. आधी आठवले असते तर मी पेढा परत ठेवला असता काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दुकानदार भला माणूस होता.

त्या १९६४ च्या काल्याचा शेवट राहिला. अश्वत्थाम्याच्या कपाळीचा मणी काढून घेण्यात आला, कृष्णाने त्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप दिला, आणि तांबडे फुटता फुटता दहीहंडी फुटून काला झाला. आम्ही घरी येऊन टेकतो न टेकतो तोच अंगणात कोणी खाकरले. अश्वत्थामाच होता. मुकुट काखेत, अंगावर मळकी बंडी, तोंडाला रंग तसाच, आणि मणी काढल्याची खूण म्हणून कपाळावर ओढलेला कुंकवाचा लाल पट्टा घामाने नाकापर्यंत ओघळलेला. जखमेसाठी तेल मागत अश्वत्थामा दारोदार हिंडतो, असे आजी आम्हांला नेहमी सांगत असे. मी तिच्या लुगड्यामागे लपलो.

“आज्ये, वायच तेल दी गे,” तो म्हणाला, “रंग वचना.”

आजी हसली नाही. आत जाऊन तिने खोबरेलाची बुधली आणली आणि त्याच्या दोन्ही ओंजळी भरतील इतके तेल ओतले.