आवणीचे दिवस

भाताची आवणी लागली की आमच्या घराचं घड्याळ सर्पदंश चालवतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर माणसं दिवसभर खाचरात राबून रात्री जमिनीवरच निजतात. मण्यार झोपेत चावते, फारसं दुखतही नाही; पापण्या जडावल्यावर कळतं. मग झोळीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीपने. काल ही, माझी डॉक्टर बायको, भरल्या ताटावरून उठली ती सकाळीच परतली. कातकऱ्यांचा पोरगा वाचला!

लेकीने हेमलकशाच्या दवाखान्याचं वाचलंय. १९७३ साली प्रकाशभाऊ-मंदाताई आमट्यांकडे वीजही नव्हती, म्हणते. आपल्याकडे वीज आहे, औषध आहे, मुंबईला पाणी पाजणारी भातसा, तानसा धरणं आहेत. कित्येक पाड्यांना रस्ता मात्र नाही. मण्यारीच्या विषाने श्वास थांबतो. झोळीत तो कोण देणार? रस्ता आधी हवा, बाकी सगळं नंतर.