हिमशिखरांखालचा ताळेबंद

आपल्या समाजातील कुटुंबे मे महिन्याच्या सुट्टीत युरोप पाहून येतात, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु ऐन जानेवारीत, बर्फावरून घसरण्याची विद्या शिकण्यासाठी घरातील सहा माणसांनी स्वित्झर्लंडला जावे, असा प्रस्ताव आमच्या चिरंजीवांनी जेवणाच्या ताटावर मांडला, तेव्हा माझे थोरले बंधू शांतपणे म्हणाले, "घसरायला एवढ्या लांब कशाला? पावसाळ्यात मार्केट यार्डात ये की!" सगळे हसले. प्रस्ताव मात्र मागे घेतला गेला नाही.

चिरंजीव अडतीस वर्षांचे. मी बँकेत आयुष्य काढले. ते मात्र शिक्षण संपताच काकांच्या हळदीच्या अडत पेढीवर बसले. पंधरा वर्षांत सलग आठ दिवस त्यांनी पेढी सोडली नव्हती. नव्या हळदीची आवक जोर धरण्यापूर्वी जानेवारीत थोडी उसंत मिळते, नातवंडांची आठवडाभराची शाळा बुडाली तरी भरून काढता येते, आणि नाताळच्या मानाने त्या दिवसांत तिकडे घरभाडे कमी असते. अशी तीन कारणे त्यांनी दिली. तिन्ही बिनतोड होती. जानेवारीच्या मध्यावर शेजारच्या वेंगेन गावी लाऊबरहॉर्नची प्रसिद्ध स्की शर्यत असते. १९३० पासून चालत आलेल्या या शर्यतीच्या दिवसांत त्या खोऱ्यात खोली मिळणे कठीण. म्हणून त्यानंतरचा आठवडा धरला. वर्ष २०२४.

आम्ही निवडलेले गाव ग्रिंडेलवाल्ड. झुरिचच्या विमानतळावरून बर्न आणि इंटरलाकेन येथे गाडी बदलून तेथे पोहोचण्यास साधारण तीन तास लागतात. गावाची उंची १०३४ मीटर. म्हणजे आपल्या पाचगणी-महाबळेश्वरहून फार वेगळी नव्हे. परंतु स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच ३९६७ मीटर उंचीच्या आयगर पर्वताची उत्तरेकडची भिंत अंगावर येते. सकाळी काळीनिळी, दुपारी करडी आणि सूर्य ढळताना माथ्यावर तांबूस. तिच्याकडे पाहत आमच्या सौ. बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. नातीने विचारले, "आजी, हा कोणता देव?" त्या म्हणाल्या, "देव नव्हे गं. पण एवढे मोठे काही दिसले की हात आपोआप जुळतात."

निवृत्त झालो तरी बँकेतल्या माणसाचा हात वहीकडे जातोच. हिशेबाच्या सोयीसाठी मी एक फ्रँक म्हणजे शंभर रुपये धरले होते. विमानाची तिकिटे ४ लाख १० हजार. व्हिसा आणि विमा ९० हजार. स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर, सात रात्री, २ लाख ८० हजार. चार जणांचा स्की पास, भाड्याचे साहित्य आणि शाळा २ लाख ८५ हजार. रेल्वे ९० हजार. गरम कपडे आणि बूट ७० हजार. खाणेपिणे ८० हजार. एकूण १३ लाख ५ हजार. सहा लाख मी माझ्या ठेवीतून दिले. उरलेले सुमारे सात लाख चिरंजीवांनी भरले. कोठून भरले, हे मी विचारले नाही. तो प्रश्न पुढे मला फार जड गेला.

खाण्याचा आकडा पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल. डोंगरावरील उपाहारगृहात साध्या पास्त्याची एक थाळी वीस-पंचवीस फ्रँकला पडते. सहा माणसे दोन वेळा बाहेर जेवू लागली, तर आठवड्याचा खर्च घरभाड्याच्या निम्म्याहून पुढे जाईल. शिवाय आपल्यासारख्यांनी खावे तरी काय? तिकडचा लाडका रोश्टी म्हणजे किसलेला बटाटा. फोंड्यूमध्ये चीजबरोबर पांढरी वाईन असते. ग्रुयेरसारखे परंपरागत चीज विरजताना वासराच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे फारच थोड्या प्रवाशांना ठाऊक असते. मुलांच्या चघळण्याच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असते. म्हणून आम्ही घरीच रांधण्याचे ठरवले. प्रेशर कुकर, मुगाची डाळ, तांदूळ, कणीक, मेतकूट, चटण्या आणि खाकरे बरोबर घेतले. तूप मात्र नेता येत नाही. भारतातून दूध, तूप, पेढे असे दुग्धजन्य पदार्थ, तसेच ताजी फळे-भाज्या स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास मनाई आहे. सौ.नी तेथील उत्तम लोणी आणून दुसऱ्याच दिवशी ते कढवले. साऱ्या जिन्यात कढत्या तुपाचा वास दरवळला.

आणखी एक गोष्ट अनपेक्षितपणे सोयीची ठरली. जानेवारीत तेथे सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास होतो आणि पाळणे चारच्या आसपास बंद होऊ लागतात. चारला परतावे, बूट काढावेत आणि दिवसाउजेडी गरम खिचडीचे पान मांडावे. सांगलीत पेढी बंद करून यायला रात्रीचे नऊ वाजतात. त्यामुळे रात्रीभोजनत्याग आमच्या घरी सौ.पुरताच उरला होता. ग्रिंडेलवाल्डमध्ये तो सात दिवस सहाही जणांनी पाळला, आणि त्यासाठी कोणालाही उपदेश करावा लागला नाही.

आता शरीराविषयी. स्कीइंगमध्ये सारा भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर पडतो. गुडघे किंचित वाकवून तासन्‌तास तोल सांभाळावा लागतो. गादीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला ही सवय नसते. म्हणून ऑक्टोबरपासून आम्ही तयारी आरंभली. रोज पहाटे आयर्विन पुलावरून फेरी, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे एक मिनिट स्थिर राहणे, उठाबशा, आणि रविवारी कुंभोजला बाहुबलीच्या डोंगराच्या पायऱ्या. मी आणि सौ. स्कीइंग करणार नव्हतो; बर्फातील पायवाटांनी हिंडणार होतो. तरीही आम्ही दोघे, सूनबाई आणि नातवंडे नियमाने जात होतो. चिरंजीव तीन महिन्यांत चार वेळा आले. "अप्पा, दिवसभर पोत्यांमध्ये फिरतो, तेवढा व्यायाम पुरे," हे त्यांचे उत्तर.

पहिले दोन दिवस आनंदाचे गेले. नवशिक्यांच्या उतारावर दहा-बारा वर्षांची नातवंडे बदकाच्या पिलांसारखी शिक्षकामागून रांगेने घसरत. तेथे उतारांना रंग असतात: निळा सोपा, लाल मध्यम, काळा निष्णातांचा. तिसऱ्या दिवशी चिरंजीव निळ्या उतारावर गेले. शिक्षकाचा तास संपला होता, पावणेचार वाजले होते, ऊन सरून बर्फावरचे चढउतार दिसेनासे झाले होते. "आणखी एकच फेरी," असे म्हणून ते निघाले. थकलेल्या मांड्यांनी ऐनवेळी साथ सोडली. पडताना वेग इतका कमी होता की बूट स्कीपासून सुटलाच नाही, आणि गुडघा पिळला गेला. बचाव पथकाने त्यांना घसरगाडीवरून खाली आणले. हाड मोडले नव्हते. आतल्या बाजूचे लिगामेंट ताणले होते. डॉक्टरांनी आधारपट्टा बांधला आणि स्कीइंग बंद करण्यास सांगितले.

प्रवासाच्या साध्या विम्यात बहुधा हिवाळी खेळ धरलेले नसतात. त्यासाठी वेगळे संरक्षण आणि अधिक हप्ता लागतो. त्या जादा हप्त्यावरून घरात वाद झाला होता आणि मी हट्टाने तो भरला होता. बचाव, तपासणी आणि पट्टा यांचे चौदाशे फ्रँक पुढे बहुतांशी परत मिळाले. त्या रात्री माझ्या मनात थोडा विजयाचा भाव आला होता, हे कबूल करतो. तो फार काळ टिकला नाही.

पुढचे तीन दिवस सारे डोंगरावर जात आणि आम्ही बापलेक घरी राहत असू. खिडकीसमोर आयगर, टेबलावर निवडायला घेतलेली डाळ. दुसऱ्या दिवशी पेढीवरून फोन आला. बोलणे संपल्यावर चिरंजीव बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "अप्पा, सात लाख मी कॅश क्रेडिटमधून काढले."

ज्याने पस्तीस वर्षे व्यापाऱ्यांची कर्जखाती तपासली, त्याला हे ऐकून काय वाटले असेल, हे व्यापारी कुटुंबांना सांगायला नको. कॅश क्रेडिट हे पेढीचे खेळते भांडवल. ते माल खरेदीसाठी असते, सहलीसाठी नव्हे. महिन्याभरात नवी हळद येणार, आणि मर्यादेतले सात लाख आधीच संपलेले. काकांना कल्पना नाही. एखाद्या कर्जदाराला मी काय सुनावले असते, ती सारी वाक्ये ओठांवर आली.

मी विचारले, "का रे?"

"मुले मोठी होत आहेत. मी त्यांना झोपलेलीच पाहतो. एकदा तरी त्यांच्याबरोबर आठवडाभर राहायचे होते. तुमच्याकडे आणखी मागायची लाज वाटली."

मी ओठांवरची वाक्ये गिळली. वही उघडली आणि दोघांनी मिळून हिशेब मांडला. परतल्यावर प्रथम त्याने काकांना स्वतः सांगायचे. मग मी एक मुदत ठेव मोडून खात्यात सात लाख भरायचे, आणि त्याने मला दरमहा २७ हजारांचा हप्ता द्यायचा. व्याज मी सोडणार नव्हतो, आणि त्यानेही तशी अपेक्षा केली नाही. त्यानंतर डाळ कुकरला लावली. फोडणी त्याने दिली. आयुष्यातली पहिली. मोहरी थोडी करपली.

सांगलीला परतल्यावर त्याने काकांना सारे सांगितले. दादा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वर्षातून आठ दिवस सुट्टी घेत जा. पण गल्ल्याला विचारून नव्हे, मला विचारून."

अशा सहलीचा विचार करणाऱ्या कुटुंबांना माझे सांगणे इतकेच. तयारी उलट्या क्रमाने मोजा: पैसा दोन वर्षे आधी, शरीर तीन महिने आधी, शिधा महिनाभर आधी. दरमहा २७ हजारांची आवर्ती ठेव सात टक्क्यांनी दोन वर्षांत जवळजवळ सात लाखांवर जाते. कर्जाची गरजच पडत नाही. तयार सहल विकत घेतल्यास जो कर जागीच वसूल होतो, तो २६एएसमध्ये पाहून विवरणपत्रात वळता करून घ्या. तेथील यंत्राने रुपयांत की फ्रँकमध्ये असे विचारल्यास फ्रँकच निवडा, कारण रुपयांतला दर दुकानदाराच्या सोयीचा असतो. हिवाळी खेळांचा विमा टाळू नका. आणि "आणखी एकच फेरी" हे शब्द तोंडावर आले, की त्याच क्षणी बूट काढा.

चिरंजीवांचा गुडघा दोन महिन्यांत बरा झाला. तेव्हापासून ते पहाटे माझ्याबरोबर आयर्विन पुलावर येतात. आम्ही फारसे बोलत नाही. हळदीचा भाव, मुलांच्या परीक्षा, कृष्णेचे पाणी, एवढेच. गेल्या महिन्यात शेवटचा हप्ता माझ्या खात्यात जमा झाला. दुसऱ्या दिवशी पुलाच्या मध्यावर थांबून ते म्हणाले, "अप्पा, हप्ता चालूच ठेवू. या वेळी आवर्ती ठेवीत. दादांनाही बरोबर नेऊ."

त्याच दिवशी बँकेत जाऊन आम्ही खाते उघडले.